इयत्ता म्हणजे इतकेपणा

वाशिम जिल्ह्यातील मालेगाव तालुक्यातले किन्हीराजा हे माझ्या आत्याचे सासर. तिला कोणी "किती शिकलात?" असे विचारले, की ती खाली मान घालून म्हणे, "चौथी. मंग बापानं घरीच बसवली." पुढे ती 'हरिविजय' अस्खलित वाची, शेजारणींची पत्रे लिहून देई, व्याजाचा हिशेब तोंडी करी; पण उत्तर मात्र तेच, चौथी!

ही चौथी म्हणजे इयत्ता चौथी. मागे मी सहज संस्कृत कोश उघडला. 'इयत्' म्हणजे इतके, आणि 'इयत्ता' म्हणजे इतकेपणा, माप, मर्यादा. शाळेचा तेथे मागमूसही नाही!

जुन्या गावठी शाळेत पंतोजींपुढे सारी मुले एकत्र बसत. कोणी धुळाक्षरे गिरवी, कोणी पावकी-निमकी घोकी, कोणी मोडी वळणावर हात बसवी. ज्याचे जितके झाले तितके झाले. 1853 साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आला. मग सरकारी शाळा आल्या. ठरावीक पुस्तके, वार्षिक परीक्षा आणि तपासणीस येणारे दिपोटी आले. तपासायचे म्हणजे मोजायचे, आणि मोजायला माप हवे. इंग्रजीतल्या 'स्टँडर्ड'चा रोखही मापाकडेच. 'इयत्ता' त्या जागी अगदी चपखल बसली.

गोव्यात 1961 पर्यंत पोर्तुगीज अंमल होता. तिथली जुनी माणसे प्राथमिक परीक्षेला 'सेगुन्द ग्राव' म्हणत. हा 'ग्राव' आणि स्पॅनिश शाळांतला 'ग्रादो' हे दोघे भाऊ. लॅटिन 'ग्रादुस' म्हणजे पाऊल, पायरी, हे त्यांचे मूळ. पायरी म्हटली की पुढची पायरी डोळ्यांपुढे येते. आपल्या शब्दात मात्र 'इतकेच' ऐकू येते.

शिवाय हे माप तरी कुठे स्थिर आहे? आपल्याकडे शाळेची अखेरची परीक्षा अकरावीला होती, ती 1975 पासून दहावीला आली. म्हणून वाटते, या दिवाळीत घरातल्या आजीला "कितवी शिकलीस?" असे न विचारता "तुला काय काय येते?" असे विचारून पाहावे.

हा सारा अर्थ मी आत्याला सांगितला होता. दिव्याची वात सारखी करीत ती म्हणाली, "इतकं चौथीपर्यंतचं झालं. मंग बाकीचं कोनं मोजलं रे?"