अस्सल म्हणजे कोणत्या शतकातले?

साधारण पंधरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथीड्रलवर लेख लिहिला होता. मनोऱ्याच्या कठड्यावर कोपरे टेकून, दोन्ही हातांत हनुवटी धरून, जीभ बाहेर काढून शहराकडे बघत बसलेल्या शिंगाळ, पंखवाल्या दगडी प्राण्याचे त्यात मी रसभरीत वर्णन केले होते. या प्राण्याने आठशे वर्षांचे पॅरिस पाहिले, असे एक वाक्यही होते. ते मला फार आवडले होते.

महिनाभराने सातारा जिल्ह्यातून एका निवृत्त चित्रकला शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. सप्रेम नमस्कारानंतर मोजक्याच ओळी होत्या. लेख आवडला; मात्र तो प्राणी आपल्या राजाबाई टॉवरपेक्षा फार तर तीसेक वर्षांनी मोठा आहे, कृपया तपासून पाहावे. मी तपासले. गुरुजींचे बरोबर होते. मी त्यांना उत्तर लिहिले नाही आणि चूकही कुठे दुरुस्त केली नाही. इतिहासाचे रीतसर शिक्षण नसलेल्या माणसाला आपली चूक जरा जास्तच झोंबते.

१५ एप्रिल २०१९ च्या रात्री नोत्र-दामला लागलेली आग मी दूरदर्शन संचासमोर बसून पाहिली. छपराच्या मध्यावरचा निमुळता उंच कळस पेटला, कलला आणि कोसळला. निवेदिका म्हणाली, आठशे वर्षांचा कळस कोसळला. त्या क्षणी मला पोस्टकार्ड आठवले. कळस १८५९ साली पुरा झालेला होता. त्याचे वय १६० वर्षांचे होते. मग जळाले ते काय? आणि पुन्हा बांधायचे ते कोणत्या काळातले? या प्रश्नांवरचा वाद युरोपात जवळजवळ पावणेदोनशे वर्षे चालू आहे. त्याचा एक धागा थेट मुंबईच्या फोर्ट भागापर्यंत येतो, म्हणून तो आपल्याही ओळखीचा असायला हवा.

नोत्र-दामचे बांधकाम ११६३ च्या सुमारास सुरू झाले आणि चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालले. पुढच्या काळात प्रत्येक पिढीने त्यात आपल्या आवडीप्रमाणे फेरफार केले. अठराव्या शतकात कित्येक जुन्या रंगीत काचा काढून साध्या काचा बसवल्या गेल्या. तेराव्या शतकातला मूळ कळस खिळखिळा झाल्यामुळे त्याच शतकाच्या अखेरीस उतरवण्यात आला. मग राज्यक्रांती आली. दर्शनी भागावर राजांचे अठ्ठावीस पुतळे होते. ते बायबलमधील ज्यूडाचे राजे होते, पण लोकांना ते फ्रान्सचे राजे वाटले आणि १७९३ मध्ये त्यांचाही शिरच्छेद झाला. त्यांपैकी एकवीस शिरे १९७७ मध्ये पॅरिसमध्ये एका इमारतीच्या खोदकामात सापडली आणि आज ती क्लूनी संग्रहालयात आहेत. म्हणजे कॅथीड्रलवर उभे असलेले राजे एकोणिसाव्या शतकातले, आणि तेराव्या शतकातली मस्तके नदीपलीकडे काचेच्या आड!

व्हिक्टर ह्यूगोच्या १८३१ च्या कादंबरीने या जीर्ण वास्तूकडे लोकांचे लक्ष वेधले. १८४४ मध्ये जीर्णोद्धाराचे काम लास्यू आणि व्हियोले-ल-द्यूक या दोन वास्तुविशारदांकडे सोपवण्यात आले. व्हियोले-ल-द्यूक तेव्हा तिशीत होता. १८५७ मध्ये लास्यू वारला आणि पुढचे काम त्याने एकट्याने पाहिले. या माणसाविषयी मला विशेष ओढा आहे. सरकारी कलाविद्यालयाची ठरावीक वाट नाकारून तो फ्रान्सभर हिंडला, रेखाटने करत शिकला. प्रॉस्पेर मेरिमे या लेखकाने (तो तेव्हा ऐतिहासिक वास्तूंचा सरकारी निरीक्षक होता) त्याच्यावर वेझले येथील चर्चचे काम सोपवले, तेव्हा त्याचे वय अवघे सव्वीस होते. ते चर्च आज उभे आहे ते त्याच्यामुळे. फ्रेंच वास्तुकलेचा त्याचा दहा खंडांचा कोश १८५४ ते १८६८ या काळात निघाला. मी चाळिशीनंतर शब्दकोश मांडीवर घेऊन फ्रेंच शिकलो, ते हा कोश वाचण्यासाठी. गॉथिक कमानीवरचा भार कोठून कोठे जातो, सुतार सांधा कसा घालतो, हे त्याने ज्या बारकाईने सांगितले आहे ते वाचताना तो कारागिरांच्या खांद्याशी उभा होता याची खात्री पटते.

याच कोशात जीर्णोद्धाराविषयीची त्याची वादग्रस्त व्याख्या आहे. तिचा आशय असा : जीर्णोद्धार म्हणजे डागडुजी नव्हे, वास्तूला अशा परिपूर्ण रूपात आणायचे, की जे रूप कदाचित कोणत्याही एका काळी प्रत्यक्षात नव्हतेही. मूळ रचनाकाराचे तर्कशास्त्र समजून घ्या आणि तो असता तर त्याने काय केले असते, ते तुम्ही करा.

नोत्र-दाममध्ये त्याने हेच केले. नवा कळस जुन्यापेक्षा उंच आणि अधिक नटवा झाला. जमिनीपासून टोकापर्यंत सुमारे ९६ मीटर. मध्यचौकाजवळच्या काही कमानींत बाराव्या शतकातली भिंतीची रचना त्याने तर्काने परत आणली. मनोऱ्यांच्या सज्जावर नवे विचित्र प्राणी बसवले. पाणी बाहेर फेकणारी दगडी पन्हळमुखे मध्ययुगातही होती. पण माझा आवडता हनुवटीधारी प्राणी पाण्याचा एक थेंबही वाहून नेत नाही. तो निव्वळ पाहण्यासाठी आहे. कळसाच्या पायथ्याशी तांब्याचे बारा प्रेषित उभे केले. त्यांतला वास्तुविशारदांचा संरक्षक मानला जाणारा संत थॉमस मान वळवून वर कळसाकडे पाहतो. त्याचा चेहरा खुद्द व्हियोले-ल-द्यूकचा आहे.

इंग्लंडात जॉन रस्किनने १८४९ मध्येच उलट बाजू मांडली होती. त्याच्या मते जीर्णोद्धार हे वास्तूचे सर्वात वाईट मरण आहे. दगडावर त्या कारागिराच्या हाताचा आणि त्यानंतरच्या शतकांचा ठसा असतो. तो तासून काढला की उरते ती नक्कल, आणि नकलेला मूळ म्हणणे हा खोटेपणा. त्यापेक्षा छपराची वेळेवर काळजी घ्या, पन्हळी मोकळ्या ठेवा, म्हणजे जीर्णोद्धाराची वेळच येणार नाही. १८७४ मध्ये ब्रिटिश वास्तुविशारदांच्या रॉयल इन्स्टिट्यूटने देऊ केलेले सुवर्णपदक त्याने नाकारले. त्या वेळी तिचे अध्यक्ष होते जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट.

हे नाव मुंबईकरांना ठाऊक असायला हवे. मुंबई विद्यापीठाचे दीक्षान्त सभागृह, ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर यांचे आराखडे याच स्कॉट यांचे. ते भारतात कधी आले नाहीत, नकाशे आले. इंग्लंडात त्यांनी असंख्य मध्ययुगीन चर्चांची दुरुस्ती केली. गंमत म्हणजे १८५० मध्ये त्यांनीच प्रामाणिक जीर्णोद्धाराची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले होते. मार्च १८७७ मध्ये स्कॉट ट्यूक्सबरीच्या चर्चला हात घालणार असे वाचून विल्यम मॉरिसने ‘अथेनियम’ साप्ताहिकाला संतप्त पत्र धाडले. त्याच महिन्यात त्याने प्राचीन वास्तूंच्या रक्षणासाठी संस्था स्थापन केली. जुन्या भिंती खरवडून काढण्याला विरोध, म्हणून तिला ‘खरवडविरोधी’ अशा अर्थाचे टोपणनाव पडले. ती आजही कार्यरत आहे. वर्षभरात, मार्च १८७८ मध्ये, स्कॉट वारले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात राजाबाई टॉवर पुरा झाला.

म्हणजे पाहा, जो माणूस इंग्लंडात खऱ्या गॉथिकला बिघडवतो म्हणून आरोपी ठरला, त्याच माणसाचे गॉथिक मुंबईत खरे ठरले. २०१८ मध्ये ते जागतिक वारसा यादीतही गेले. कुर्ल्याचा दगड, येथील कारागीर, टॉवरवर पश्चिम भारतातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे, सभागृहाच्या वर्तुळाकार खिडकीत बारा राशी. हे मध्ययुगीन असल्याचा दावा कोणी केला नाही, म्हणून ते खोटे नाही. खोटेपणा नव्या दगडात नसतो, वयाविषयी केलेल्या दाव्यात असतो, हे मला नोत्र-दामपेक्षा आधी राजाबाई टॉवरने शिकवले.

पण मॉरिसची बाजू घेऊन प्रश्न सुटत नाही. दक्षिण फ्रान्समधील कार्कासॉनच्या तटबंदीवर व्हियोले-ल-द्यूकने १८५३ पासून काम केले. तेथील बुरुजांवर त्याने पाटीच्या दगडाची उंच शंकूसारखी छपरे चढवली. ही उत्तरेची तऱ्हा, आमच्याकडे उतरती कौले असतात, असे आक्षेप निघाले. विसाव्या शतकात काही बुरुजांवर कौले घातलीही गेली. तरीही त्याने हात घातला नसता तर तो तट बहुधा दगडांची खाण झाला असता. तुलूझमध्ये आणखी नवल घडले. तेथील सॅं-सेर्नॅं चर्च हे गॉथिकच्या आधीच्या शैलीचे. गेल्या शतकाच्या अखेरीस तेथील व्हियोले-ल-द्यूकचे काम उतरवून त्याच्या पूर्वीचे रूप पुन्हा उभारले. जीर्णोद्धाराचाच जीर्णोद्धार! पण हे ‘पूर्वीचे रूप’ही नव्या विटांचेच. शंभर वर्षांहून जुने खरे काम काढून त्याहून जुने भासणारे नवे काम बसवले, असा आक्षेप त्यावरही आला.

दुसरीकडे राइम्सचे कॅथीड्रल. १९१४ च्या तोफमाऱ्यात त्याचे लाकडी छप्पर जळाले. वास्तुविशारद आंरी दनू याने नवा सांगाडा सिमेंट काँक्रीटच्या तुकड्यांचा केला. बाहेरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. आत गेलात तर तो विसाव्या शतकाचा आहे हे लपवलेले नाही.

१९६४ च्या व्हेनिस सनदेने या अनुभवांतून एक मध्यममार्ग काढला. जीर्णोद्धार पुराव्यावर चालावा आणि अंदाजाची सीमा आली की थांबावा. नवा भाग विजोड नसावा, पण ओळखू यावा. प्रत्येक काळाने घातलेली रास्त भर जपावी. १९९४ मध्ये जपानमधील नारा येथे आणखी एक गोष्ट मान्य झाली, की अस्सलपणाची कसोटी सर्व संस्कृतींत एकच असू शकत नाही. इसे येथील मंदिर दर वीस वर्षांनी नव्या लाकडात बांधतात; तेथे दगडाचे वय नव्हे, हाताची परंपरा अस्सल.

आगीनंतर दोनच दिवसांत फ्रान्सच्या पंतप्रधानांनी नव्या कळसासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा जाहीर केली. काचेचे कळस, छपरावर बाग, अशी चित्रे जगभर फिरली. त्याविरुद्ध मोठा वाद झाला. शेवटी जुलै २०२० मध्ये वारसा आयोगाने कौल दिला : आग लागण्यापूर्वी जसे होते तसेच. त्यामागे भावनेइतकेच कागदाचे बळ होते. व्हियोले-ल-द्यूकची रेखाटने होती, लाकडी सांगाड्याची २०१४ मधील मोजमापे होती, आगीपूर्वीचे लेसर मोजमाप होते. अंदाजाने भरण्याजोगे फार काही उरलेच नव्हते. सुमारे दोन हजार ओक वृक्ष तोडले गेले. मुख्य छपराच्या तुळया सुतारांनी मध्ययुगीन पद्धतीने कुऱ्हाडीने तासल्या. कळस मात्र १८५९ च्या नमुन्याने झाला. म्हणजे आता एकाच छपराखाली तेरावे आणि एकोणिसावे शतक शेजारी नांदतात, आणि दोन्ही एकविसाव्या शतकात घडलेली आहेत.

जळलेल्या वास्तूने काही गुपितेही उघड केली. भिंतींत बाराव्या शतकापासूनच लोखंडी आकडे मोठ्या संख्येने वापरलेले आढळले. आपण जिला दगडाचे काव्य म्हणत आलो, तिच्या दगडांना आतून लोहाराने धरून ठेवले होते. तांब्याचे प्रेषित तर योगायोगाने वाचले. दुरुस्तीसाठी ते आगीच्या चारच दिवस आधी खाली उतरवले होते.

कॅथीड्रल डिसेंबर २०२४ मध्ये खुले झाले, पण वाद संपला नाही. दक्षिणेकडच्या सहा उपासनाकक्षांतील व्हियोले-ल-द्यूकच्या काळातल्या काचा काढून तेथे आजच्या चित्रकाराच्या काचा बसवायचे राष्ट्राध्यक्षांनी ठरवले. त्या काचा आगीत शाबूत राहिल्या होत्या. वारसा आयोगाने जुलै २०२४ मध्ये विरोध नोंदवला. सरकारने तरीही चित्रकाराची निवड केली. ज्याच्यावर एके काळी मध्ययुग बिघडवल्याचा ठपका होता, त्याच्याच काचा आता मूळ म्हणून राखाव्यात असे अभ्यासक म्हणत आहेत. आणि सनदेच्या कसोटीवर त्यांचे बरोबर आहे. त्याची भर हा आता त्या वास्तूच्या इतिहासाचा पुरावा आहे.

इतकी वर्षे हे वाचत आल्यावर माझे मत असे झाले आहे. अस्सलपणा एखाद्या शतकाच्या मालकीचा नसतो. काय केले, केव्हा केले आणि कोणत्या आधारावर केले याची नोंद राहिली पाहिजे, आणि पाहणाऱ्याला फसवले जाता कामा नये. व्हियोले-ल-द्यूकने मध्ययुगात स्वतःची भर घातली, पण रेखाटनेही मागे ठेवली. त्यांच्या आधारानेच त्याचा कळस पुन्हा उभा राहिला. नव्या कळसाच्या टोकावर नवा सोनेरी कोंबडा आहे. त्याच्या पोटात काम केलेल्या सुमारे दोन हजार जणांची नावे ठेवली आहेत. मला ही कृती फार प्रामाणिक वाटते.

माझी नोंद मात्र राहिली होती. तो शिंगाळ प्राणी आठशे वर्षांचा नाही. तो एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा आहे. त्याने मध्ययुगीन पॅरिस पाहिले नाही. २०१९ ची आग मात्र त्याने जवळून पाहिली आणि तो वाचला. मला तो पूर्वीइतकाच आवडतो. पोस्टकार्ड पाठवणारे गुरुजी हे वाचत असतील, तर त्यांनी उशिरा आलेले हे उत्तर स्वीकारावे.