हेलकावे खाणारा वेग

अमेरिकेतल्या लांबच लांब सरळ रस्त्यांवर मोटरसायकलची मूठ तासन् तास पिळून धरली की हात भरून येतो. म्हणून मोटारींसाठी विकला जाणारा क्रूझ कंट्रोलचा संच काही हौशी मंडळी मोटरसायकलला बसवतात. मग कधी कधी एक विचित्र त्रास सुरू होतो. वेग ठरवलेला असतो ताशी ९० किलोमीटर. पण गाडी ९५ वर जाते, ८५ वर उतरते, पुन्हा ९५ वर चढते. संच तपासावा, तर प्रत्येक भाग चोख! मग बिघाड आहे तरी कुठे?

या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातील शास्त्रज्ञांनाही छळले होते.

१७८८ मध्ये जेम्स वॅटने वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर जोडला. फिरत्या दांड्याला दोन जड गोळे टांगलेले असत. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप थोडी बंद होई; वेग घटला की ती उघडे. पवनचक्क्यांत ही युक्ती आधीपासून होती. चूक ओळखून यंत्राने ती स्वतःच दुरुस्त करायची, यालाच आपण प्रत्याभरण म्हणतो.

पुढे कारागिरी सुधारली, सांध्यांतले घर्षण कमी झाले. गव्हर्नर आता अधिक चांगले चालायला हवे होते. घडले उलटेच, अनेक इंजिने हेलकावे खाऊ लागली. दुर्बीण ताऱ्यामागे एकसारख्या वेगाने फिरवणाऱ्या यंत्रातही हाच दोष इंग्रज खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एअरी यांना दिसला. त्यावर त्यांनी १८४० मध्ये गणिती विवेचन केले.

असे का होते? स्नानगृहातला गरम पाण्याचा नळ आठवा. पाणी गार लागते म्हणून आपण नळ जास्त उघडतो. गरम पाणी उशिरा पोचते आणि चटका बसतो. घाईने नळ बंद करावा, तर पुन्हा गारठा! दुरुस्ती जोरकस आणि परिणाम उशिरा, असे झाले की चूक मिटत नाही, फक्त दिशा बदलते.

१८६८ मध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी गव्हर्नरच्या गतीची समीकरणे मांडून नेमका प्रश्न विचारला: छोटासा धक्का बसल्यावर हेलकावे विरत जातील की वाढत जातील? ते केव्हा विरतील याच्या अटी त्यांनी साध्या प्रकारांसाठी काढल्या. व्यापक नियम एडवर्ड राउथ यांनी १८७७ मध्ये दिला. हेलकाव्यांची ऊर्जा शोषणारे काहीतरी यंत्रात असावे लागते. नकोसे वाटणारे घर्षण पूर्वी नकळत तेच काम करीत होते!

मोटारीसाठी वेग राखणारे उपकरण बनवले अमेरिकन अभियंता राल्फ टीटर यांनी. लहानपणीच त्यांची दृष्टी गेली होती. १९५० मध्ये त्यांना पेटंट मिळाले आणि १९५८ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या मोटारींत क्रूझ कंट्रोल आला.

आता मोटरसायकलकडे वळू. ती मोटारीपेक्षा कितीतरी हलकी असते. मोटारीसाठी जुळवलेला संच तिच्या थ्रॉटलची तार गरजेपेक्षा जोराने ओढतो. तार सैल असेल तर दुरुस्ती उशिराही होते. अशा वेळी संवेदनशीलता कमी करावी आणि तारेतला जादा ढिलेपणा काढावा. दोष सुट्या भागांत नसून त्यांच्या जुळणीत असतो.

वर्गात विद्यार्थ्यांना विचारून पाहा: चूक जितकी झटपट आणि जोरात सुधारू तितके चांगले, हे नेहमीच खरे असते का?