ग्रंथपालांची परिषद आणि राजकारण

ग्रंथपालांच्या परिषदेत राजकारण नको, असे म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास चाळावा. १९२३ च्या बोले ठरावात पाणवठे, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या, दवाखाने होते; ग्रंथालयाचे नाव नव्हते. १९२७ साली आपल्याच जिल्ह्यात, महाडला, पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. १९३६ मध्ये अमेरिकन ग्रंथालय संघाच्या रिचमंड परिषदेत काळ्या ग्रंथपालांना वेगळे बसवले गेले. त्यावर वाद पेटला, म्हणूनच असा भेद चालतो तिथे परिषद न घेण्याचे ठरले. महाराष्ट्राचा १९६७ चा ग्रंथालय कायदाही विधिमंडळातच झाला. पक्षप्रचार खुशाल बाहेर ठेवा. पण कर्जत-खालापूरच्या कातकरी वाडीपर्यंत पुस्तक पोचते का, हा प्रश्नही राजकीय म्हणून टाळला, तर ग्रंथपालाचा व्यवसाय तरी कोणता उरतो?