दोन पेन्सिल सेलांचा आवाज

हेडफोन घ्यायला गेलेला माणूस दुकानदाराला दोनच प्रश्न विचारतो. केवढ्याला, आणि बेस कसा? डबीच्या मागे मुंगीएवढ्या अक्षरांत '३२ ओहम' असे काहीतरी छापलेले असते, ते वाचायची तसदी कोणी घेत नाही. मी वाचतो. आयुष्य फायली वाचण्यात गेल्यावर बारीक अक्षर सोडवत नाही. आणि या एका आकड्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे.

१९१० च्या सुमारास अमेरिकेतल्या युटा राज्यात नॅथनिएल बाल्डविन नावाच्या गृहस्थाने स्वतःच्या स्वयंपाकघरात हेडफोन तयार केले आणि अमेरिकन नौदलाला पाठवले. नौदलाला ते पसंत पडले. त्या काळच्या क्रिस्टल रेडिओला ना बॅटरी, ना वीज. अँटेनाने हवेतून जे काही चिमूटभर पकडले त्यावरच कानातला पडदा हलवायचा. म्हणून हेडफोनमध्ये केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे घालत. वेढे जास्त म्हणून थोड्या प्रवाहातही चुंबकत्व पुरेसे मिळे, आणि तार बारीक नि लांब म्हणून रोध दोन हजार ओहम किंवा त्याहून जास्त. हा दोष नव्हता, काटकसर होती!

पुढे रेडिओ केंद्रे आणि स्टुडिओ आले. त्यांनी टेलिफोनच्या तारांकडून ६०० ओहमचा दंडक उचलला आणि हेडफोनही तसेच आले. व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचे सुरुवातीचे के-२४० सहाशे ओहमचे. जर्मनीच्या झेनहायझरने १९६८ साली काढलेले एचडी-४१४ तर दोन हजार ओहमचे, आणि ते लाखांनी खपले. कोणाची तक्रार नव्हती, कारण ही सगळी मंडळी भिंतीतल्या विजेवर चालणाऱ्या अवजड ॲम्प्लिफायरला जोडली जात. तिथे व्होल्ट हवे तेवढे.

मग १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा वॉकमन बाजारात आला. किंमत ३३ हजार येन. त्याची कथा सांगताना सगळे कॅसेटबद्दल बोलतात, पण माझ्या मते खरी करामत हेडफोनची. तोवरचे हेडफोन तीनशे-चारशे ग्रॅमचे. सोनीच्या प्रयोगशाळेत याच सुमारास पन्नास ग्रॅमच्या आसपासचे तयार झाले होते. ते वॉकमनशी जुळले नसते तर हे यंत्र खिशात राहिले असते आणि डोक्यावर मात्र हेल्मेट!

आता गणित पाहू, घाबरू नका. वॉकमनमध्ये दोन पेन्सिल सेल, म्हणजे तीन व्होल्ट. साध्या जोडणीत त्यातून आवाजाच्या लहरीला फार तर एक व्होल्ट मिळतो. शक्ती म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहम. ३२ ओहमच्या हेडफोनला ३१ मिलिवॅट मिळतात, ६०० ओहमच्या हेडफोनला दीडपेक्षा थोडे जास्त, आणि दोन हजारवाल्याला जेमतेम अर्धा. स्टुडिओतला राजा खिशातल्या डबीपुढे भिकारी ठरला तो असा. म्हणून पोर्टेबल यंत्रांसाठी १६ आणि ३२ ओहमचे हेडफोन रूढ झाले. जाड तार, कमी वेढे, कमी व्होल्टमध्ये जास्त प्रवाह.

पण ओहम कमी करत गेले की दुसरीकडून मार बसतो. सेल लवकर संपतात, हे एक. दुसरे म्हणजे, बऱ्याच जुन्या प्लेअरमध्ये हेडफोनच्या वाटेवर कपॅसिटर असतो. तो १०० मायक्रोफॅरडचा असेल तर ३२ ओहमवर साधारण ५० हर्ट्झच्या खालचे स्वर गळायला लागतात, १६ ओहमवर ती रेषा १०० पर्यंत चढते. म्हणजे तबला वाजतो पण डग्ग्याची घुमारी जाते. ऐकणारा म्हणतो, हेडफोन भिकार. हेडफोन बिचारा चांगला असतो, सोयरीक चुकलेली असते.

या सोयरिकीत सरकार पडले ते फ्रान्समध्ये. १९९६ च्या कायद्याने तिथे पोर्टेबल प्लेअरचा आवाज १०० डेसिबलवर बांधला गेला. २००२ साली आयपॉडची विक्री तिथे याच कारणाने थांबली, आणि ॲपलला सॉफ्टवेअर बदलून आवाज खाली आणावा लागला. नंतर युरोपीय मानकाने हेडफोनपासून वेगळा विकल्या जाणाऱ्या प्लेअरला १५० मिलिव्होल्टची मर्यादा घातली. मिलिवॅटला १०० डेसिबल देणारा ३२ ओहमचा हेडफोन घेतला तर त्यावर सुमारे ९८ डेसिबल मिळतात. ६०० ओहमवर तेवढ्यातच सुमारे ८६.

आपल्याकडच्या तारवट्यांनी आणि आखातातल्या मंडळींनी जगभरच्या बंदरांतून प्लेअर घरी आणले. त्यांत युरोपात घेतलेला प्लेअर 'मंद' का वाजतो, याचे उत्तर पुष्कळदा या १५० मिलिव्होल्टमध्ये असते. सिनेमाच्या गाण्याला त्याने फारसे बिघडत नाही, ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोराने वाजते. पण आपल्या कुर्डीच्या मोगूबाई असोत की मंगेशीचे अभिषेकीबुवा, ख्यालाचा आलाप द्रुत तानेपेक्षा कितीतरी हलका असतो. तो ऐकू यावा म्हणून आवाज चढवला की तानेच्या टोकाला व्होल्ट संपतात आणि स्वर चिरकतो. बुवांचा गळा नाही चिरकत, सेल चिरकतात!

उलट बाजू जास्त धोक्याची. ताकदवान प्लेअर आणि चटकन वाजणारे कानातले बोंडूक, वर पणजी-मडगाव बसचा गोंगाट. त्या गोंगाटावर मात करायला मुले आवाज चढवतात. कामाच्या ठिकाणी ८५ डेसिबल रोज आठ तास ही मर्यादा धरली जाते, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मी करायची. या हिशेबाने १०० डेसिबलला पंधराच मिनिटे उरतात. बसचा प्रवास त्याहून मोठा. कान गेलेला लगेच कळतही नाही. आधी झांजेची किणकिण जाते, मग बोलण्यातले स आणि श.

२०१६ साली आयफोन-७ मधून हेडफोनचे भोकच गेले, आणि मग इतरांनीही ते बुजवले. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये ॲम्प्लिफायर आतच असतो, त्यामुळे ही सोयरीक आता कारखान्यातच जुळून येते. वायरवाल्यांसाठी बोटाएवढे अडॅप्टर मिळतात. ॲपलचा यूएसबी-सी अडॅप्टर अमेरिकेत सुमारे एक व्होल्ट देतो, युरोपातला सुमारे अर्धा. डबी सारखी, रंग सारखा, फरक मागच्या बाजूला छापलेल्या मॉडेल क्रमांकात. तो क्रमांकही मुंगीएवढ्याच अक्षरांत आहे.