दोन लाखांचे पंख

विलायतेची डाक आगबोटीने येण्याचा तो काळ. 1929 साली लंडनहून कराचीपर्यंत टपाल विमानाने येऊ लागले. पण मुंबई-मद्रासकडे जाणाऱ्या पत्राला कराचीपासून पुन्हा जमिनीवरूनच वाट धरावी लागे. दूरदेशाहून वायुवेगाने आलेला पाहुणा गावच्या वेशीवर अडकून पडावा, तशीच ही गत!

ही अडचण हेरली नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने. ब्रिटिश हवाईदलातून बाहेर पडलेला हा गृहस्थ एका सहकाऱ्यासह हिंदुस्थानभर हिंडत होता. जत्रेत पाळण्यात बसवावे, तसे लोकांना पैसे घेऊन विमानात बसवून आणणे, हा त्यांचा धंदा. कराची ते मद्रास हवाई टपालाची कल्पना घेऊन तो टाटांकडे आला. तरुण जे. आर. डी. टाटा स्वतः वैमानिक. हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक-परवाना 1929 साली त्यांनाच मिळालेला. त्यांना कल्पना पटली, पण पेढीचे प्रमुख सर दोराबजी टाटा राजी होईनात. अखेर जॉन पीटरसन यांनी शब्द टाकला आणि दोन लाख रुपये मंजूर झाले.

पुढची अडचण सरकारची. अर्थसाहाय्य मागितले, ते मिळेना. तेव्हा अर्थसाहाय्याचा हट्टच सोडला आणि नेलेल्या टपालापुरते पैसे घेण्याची तयारी दाखवली. 1932 च्या एप्रिलात करार झाला. दोराबजी मात्र जूनमध्ये निवर्तले. पहिले उड्डाण पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

15 ऑक्टोबर 1932 ला सकाळी अठ्ठावीस वर्षांच्या जे. आर. डीं.नी कराचीहून एका इंजिनाच्या इवल्याशा ‘पुस मॉथ’ विमानातून टपाल घेऊन भरारी मारली. वाटेत अहमदाबादला पेट्रोल भरायचे, तर त्याचे डबे आले बैलगाडीतून! विमानाचा दाणागोटा बैलाने वाहून आणावा, ही त्या काळाची खरी ओळख. दुपारी विमान जुहूला उतरले. तेथून व्हिन्सेंट यांनी टपाल उचलले आणि बेल्लारीला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी मद्रास गाठले.

जुहूचे ‘विमानतळ’ म्हणजे काय, तर चिखलाचे मैदान. पावसाळ्यात भरती आली की समुद्र वर आणि मैदान खाली. मग बिऱ्हाडच पुण्याला हलवायचे : दोन विमाने, तीन वैमानिक, तीन मेकॅनिक. पुण्यात उतरायला जागा मिळाली ती येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानावर. विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवर वाट दाखवणारे दिवे नव्हते. खाली दिसणारी नदी आणि रूळ, हेच वाटाडे.

आणि तरीही टपाल वेळेवर पोचत होते! पहिल्या पूर्ण वर्षात विमाने एक लाख साठ हजार मैल उडाली, सुमारे पावणेअकरा टन टपाल आणि अवघे 155 प्रवासी त्यांनी नेले. नफा झाला साठ हजार. अनुदान नाही, विमानतळ नाही. होता तो केवळ दिलेल्या वेळेचा शब्द. तो पाळला, म्हणून धंदा उभा राहिला.

पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. 1946 साली या रोपट्याची ‘एअर इंडिया’ झाली, 1953 साली ती सरकारने घेतली आणि 2022 साली पुन्हा टाटांकडे आली. 1982 साली, पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षे झाली तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जे. आर. डीं.नी छोट्या विमानातून तीच कराची-मुंबई वाट पुन्हा एकदा उडून पार केली. व्हिन्सेंट मात्र तो दिवस पाहायला नव्हते. महायुद्धाच्या धुमाळीत 1942 साली विमानप्रवासातच त्यांचा अंत झाला होता.

कळस दुरून दिसतो, पाया दिसत नाही. ज्यांनी टाटांचे नाव ऐकले, त्यांतल्या किती जणांनी व्हिन्सेंट यांचे ऐकले असेल? यंदा दिवाळीत परगावचे लेक-जावई विमानाने घरी उतरतील, तेव्हा एक पणती जुहूच्या त्या चिखलासाठी आणि कल्पना घेऊन टाटांच्या दारी आलेल्या त्या माणसासाठीही लावायला हरकत नाही.