डोळ्याची चूक आणि प्रकाशाचे माप



रंगीत द्रावणातून प्रकाश सोडला की त्याचा काही भाग द्रावणात शोषला जातो. तो किती शोषला गेला हे मोजून द्रावणात पदार्थ किती आहे ते ठरविता येते. रक्तातील साखर किंवा पाण्यातील लोह याच रीतीने मोजतात. हे माप विश्वसनीय कसे झाले, याचा इतिहास म्हणजे चुका ओळखण्याचा इतिहास होय.

डोळा कोठे फसतो याचा पद्धतशीर विचार बसऱ्यात जन्मलेल्या इब्न अल्-हैथम यांनी ११व्या शतकात केला. त्यांच्या ‘किताब अल्-मनाझिर’ या ग्रंथाचा एक संपूर्ण भाग दृष्टीच्या चुका व त्यांची कारणे यांविषयी आहे. पुढे १७२९ मध्ये फ्रान्सच्या पिएर बूगे यांनी दाखविले की, एक प्रकाश दुसऱ्याच्या किती पट आहे हे डोळा सांगू शकत नाही. दोन्ही सारखे आहेत की नाहीत, एवढे मात्र सांगतो. मग डोळ्याला तेवढेच काम द्यावे! १९व्या शतकात पॅरिसच्या ड्यूबॉस्क यांनी बनविलेल्या उपकरणात दोन द्रावणांचे रंग असेच शेजारी ठेवून जुळविले जात. १९४१ मध्ये अमेरिकेत बेकमन यांच्या यंत्राने डोळ्याच्या जागी प्रकाशनलिका आणली. उंदरांना खाऊ घालून ‘अ’ जीवनसत्त्व मोजण्यास आठवडे लागत. ते काम मिनिटांवर आले.

पण यंत्र आले म्हणून चूक संपली नाही. काचेच्या नळीवरील बोटांचे ठसे, ओरखडे, हवेचा बुडबुडा हेही प्रकाश अडवितात. म्हणून नळी पुसून दर वेळी एकाच बाजूने ठेवावी. प्रथम तिच्यात नुसते द्रावक भरून यंत्र शून्यावर आणावे, म्हणजे नळीचा व द्रावकाचा वाटा वगळला जातो. द्रावण फार गडद असून प्रकाशाचा शंभरावा हिस्साच पलीकडे पोहोचत असेल, तर किंचित भटका प्रकाशही हिशेब बिघडवितो. असे द्रावण ठरावीक प्रमाणात विरल करावे. शिवाय एका आकड्यावर न विसंबता मोजणी दोन-तीनदा करावी.

एक चूक मात्र कोणतेही यंत्र दूर करीत नाही. ती म्हणजे पुस्तकातील उत्तराशी जुळावा म्हणून वहीतला आकडा बदलणे. विद्यार्थी मित्रहो, जो आकडा आला तोच लिहा, आणि तो का चुकला ते शोधा. पालकहो, मुलाला गुणांआधी हे विचारा. मापात खोट करू नये, ही शिकवण आपल्या घराघरांत दिली जाते. ती केवळ दुकानाच्या तराजूपुरती नाही.