एकाच आठवड्यात बहरीन आणि लिबिया: अरब उठावांबाबत अमेरिकेची भूमिका बदलत का राहिली?

मार्च 2011. अरब देशांमध्ये लोक रस्त्यावर उतरले होते. 14 मार्चला बहरीन सरकारच्या विनंतीवरून सौदी अरेबियाचं सैन्य समुद्रावरचा पूल ओलांडून बहरीनमध्ये शिरलं. दोनच दिवसांत राजधानी मनामातल्या पर्ल चौकातून आंदोलकांना हुसकावण्यात आलं. अमेरिकेने ‘संयम पाळा’ एवढंच सांगितलं.

17 मार्चला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत ठराव क्रमांक 1973 मंजूर झाला. लिबियातल्या नागरिकांच्या संरक्षणासाठी लष्करी बळ वापरायला त्यात परवानगी होती. अमेरिकेने बाजूने मत दिलं आणि 19 मार्चला लिबियावर हल्ले सुरू झाले.

सहा दिवसांत दोन उठाव आणि दोन वेगळे न्याय. असं का झालं?

सुरुवात कुठून झाली?

17 डिसेंबर 2010 ला ट्युनिशियात मोहम्मद बुआझिझी या फेरीवाल्या तरुणाने प्रशासनाच्या जाचाला कंटाळून स्वतःला पेटवून घेतलं. महिनाभरात, 14 जानेवारी 2011 ला, तिथले राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. हे लोण इजिप्त, येमेन, बहरीन, लिबिया आणि सीरियापर्यंत पोहोचलं. यालाच ‘अरब स्प्रिंग’ म्हणतात.

बहरीनला वेगळा न्याय का?

अमेरिकेच्या नौदलाच्या पाचव्या आरमाराचं मुख्यालय बहरीनमध्ये आहे. आखातातल्या तेलवाहू जहाजांच्या मार्गावर आणि इराणवर नजर ठेवायची तर हा तळ महत्त्वाचा. शेजारचा सौदी अरेबियाही अमेरिकेचा जुना मित्र. लिबियाच्या गद्दाफींना मात्र अरब देशांतही फारसे मित्र उरले नव्हते. 12 मार्चला खुद्द अरब लीगनेच लिबियावर विमानबंदी लावण्याची मागणी केली होती.

इजिप्तमध्ये काय झालं?

होस्नी मुबारक हे अमेरिकेचे तीन दशकांचे सहकारी. आंदोलनाच्या पहिल्याच दिवशी, 25 जानेवारी 2011 ला, परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी इजिप्तचं सरकार स्थिर असल्याचं म्हटलं. आठवडाभरातच राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा सत्तांतर आता सुरू व्हायला हवं, असं म्हणू लागले. 11 फेब्रुवारीला मुबारक गेले.

पुढे निवडणुकीतून मोहम्मद मुर्सी सत्तेवर आले. 3 जुलै 2013 ला लष्कराने त्यांना हटवलं. निवडून आलेलं सरकार लष्कराने उलथवलं तर त्या देशाची मदत थांबवावी, असा अमेरिकेचा कायदा आहे. त्यामुळे ओबामा सरकारने या घटनेला ‘लष्करी बंड’ म्हणायचंच टाळलं. इजिप्तला वर्षाला 1.3 अब्ज डॉलरची लष्करी मदत मिळते. ऑक्टोबर 2013 मध्ये तिचा काही भाग रोखला गेला, पण मार्च 2015 मध्ये ती रोख उठली.

मग सीरिया?

रासायनिक अस्त्रं वापरणं ही ‘लाल रेषा’ असेल, असा इशारा ओबामांनी ऑगस्ट 2012 मध्ये दिला. 21 ऑगस्ट 2013 ला दमास्कसजवळच्या घूतामध्ये रासायनिक हल्ला झाला. त्यानंतर हल्ल्याऐवजी रशियाबरोबर अस्त्रं नष्ट करण्याचा करार झाला.

अमेरिकेच्या बाजूने काय सांगितलं जातं?

प्रत्येक देशाची परिस्थिती वेगळी असते आणि सगळीकडे सैन्य पाठवणं शक्य नसतं, हा पहिला युक्तिवाद. लिबियात तर हस्तक्षेपही महागात पडला. गद्दाफी मारले गेले, पण देश यादवीत अडकला. त्यानंतरची तयारी न करणं ही आपली सर्वात मोठी चूक असावी, असं ओबामांनीच 2016 मध्ये सांगितलं.

दुसरा मुद्दा म्हणजे अमेरिकेने ही ओढाताण लपवली नाही. 19 मे 2011 च्या भाषणात ओबामांनी बहरीनमधल्या धरपकडीवर टीका केली. आपले तात्पुरते हितसंबंध आणि दूरचं उद्दिष्ट नेहमी जुळत नाहीत, हेही कबूल केलं.

टीकाकारांचा प्रश्न साधा आहे: मार खाणाऱ्या आंदोलकाला या कबुलीचा उपयोग काय? बहरीनच्या राजानेच नेमलेल्या चौकशी आयोगाने नोव्हेंबर 2011 मध्ये अतिरेकी बळाचा वापर आणि कैद्यांचा छळ झाल्याचं नोंदवलं. तरी पाचवं आरमार तिथेच राहिलं.

आपला काय संबंध?

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावात बसून हे सगळं लांबचं वाटेल. पण लिबियाचं तेल थांबलं आणि एप्रिल 2011 मध्ये कच्चं तेल पिंपामागे 120 डॉलरच्या वर गेलं. भारतात मे महिन्यात पेट्रोल एका झटक्यात 5 रुपयांनी आणि जूनमध्ये डिझेल 3 रुपयांनी महागलं. 2015 मध्ये येमेनमध्ये युद्ध पेटलं, तेव्हा ‘ऑपरेशन राहत’मधून 4,600 हून अधिक भारतीयांना बाहेर काढावं लागलं. त्या मोहिमेत आयएनएस मुंबई ही युद्धनौका होती आणि हवाई दलाची काही विमानं सुटका झालेल्यांना घेऊन मुंबईत उतरली.

भारताची भूमिका? लिबियाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला.

थोडक्यात: एखाद्या उठावाबद्दल मोठा देश काय बोलतो, हे ऐकाच. पण सोबत तीन गोष्टी तपासा: तिथे त्याचा लष्करी तळ आहे का, शेजारी कोण आहे आणि तेलाचा मार्ग कुठून जातो.